त्यांचं असू दे

त्या इमारतीतलं सगळं आजीला माहीत होतं, आणि त्या सकाळी त्याचाच तिला जास्त त्रास होत होता.

सव्वीस वर्षं तिने याच हॉस्पिटलच्या लाँड्रीत काढली होती. तळघरात, यंत्रांच्या धडधडीत. चादरी, गाऊन, ऑपरेशनची हिरवी कापडं वरून यायची आणि ती धुऊन, वाळवून, घड्या घालून परत वर जायची. डॉक्टरांचे चेहरे तिला फारसे ओळखू येत नसत, पण गाठोडं हातात घेतलं की वर काय झालं असेल याचा अंदाज तिला यायचा. रक्ताचं कापड आधी गार पाण्यात टाकायचं, गरम पाण्यात डाग कायमचा बसतो, हे तिनेच नव्या बायकांना शिकवलं होतं. जास्त भिजलेलं काही आलं, तर हौदात टाकण्याआधी ती मनातल्या मनात म्हणायची, 'देवा, ज्याचं कुणाचं असेल त्याला बरं वाटू दे.' कोण, कुठला, बाई की पुरुष, काही माहीत नसायचं. निवृत्त होऊन आता चार वर्षं झाली होती.

आणि आज तिची नात वर तिसऱ्या मजल्यावर होती. सहा वर्षांची ठकी. हे नाव आजीनेच ठेवलेलं, कारण लहानपणी ती लाकडी बाहुलीसारखी जिथे ठेवाल तिथे गप्प बसायची. सगळ्यांना वाटलं, पोरगी शहाणी आहे. शाळेत जायला लागल्यावर दहा पायऱ्या चढून तिचे ओठ निळे पडले, तेव्हा कळलं की ती शहाणी नव्हती, दमलेली होती. हृदयाच्या आतल्या पडद्याला भोक होतं.

"भोक शिवायचं म्हणजे हृदय थोडा वेळ थांबवावं लागेल," डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं होतं. "तेवढा वेळ यंत्र त्याचं काम करेल. आम्ही हे नेहमी करतो."

मुलाने आणि सुनेने बरंच काही विचारलं. आजीच्या कानात मात्र एकच वाक्य राहिलं. हृदय थांबवणार. चालू यंत्र बंद करून पुन्हा चालू करताना ते कधीकधी नुसतं गुरगुरतं आणि गप्प होतं, हे तिने लाँड्रीत हजारदा पाहिलं होतं. तिथे एक लाथ घातली की काम व्हायचं.

सकाळी आठला ठकीला आत नेलं. दारापर्यंत तिघंही गेली. ठकीने आजीचं बोट सोडलं नव्हतं.

"आजी, तू आत येणारेस?"

"मी इथेच आहे. तुझ्या डॉक्टरांचे कपडे मी धुतलेत, माहितेय ना? ओळखतात मला."

"मग त्यांना सांग, हळू करा म्हणून."

"सांगितलंय की."

कुणालाही काही सांगितलेलं नव्हतं. दार मिटलं, आणि सून भिंतीला टेकून उभी राहिली ती बराच वेळ तशीच.

बाहेर एक लांबलचक खोली होती. लोखंडी बाकं, पाण्याचं यंत्र, भिंतीवर घड्याळ. आजीने देवाला विनवायला सुरुवात केली. पाठ केलेलं काही तिला येत नव्हतं. ती साधं बोलायची, शेजारणीशी बोलावं तसं. 'देवा, लहान आहे ती. अजून तिचे पुढचे दात यायचेत. मला घे हवं तर. माझं सगळं बघून झालंय.' मग वाटायचं, असं अदलाबदलीचं बोलणं बरं नाही, आणि ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

साडेनऊच्या सुमाराला एक म्हातारासा माणूस येऊन तिच्या शेजारी बसला. नखांत पांढरा रंग, सदऱ्यावर पिवळे शिंतोडे, एका पायात चप्पल आणि दुसरा अनवाणी. चप्पल कुठे पडली हे त्याच्या लक्षात आलेलं दिसत नव्हतं.

"माझा मुलगा," तो आपणहूनच बोलायला लागला. "दोघं मिळून रंगकाम करतो आम्ही. परांचीवरून पडला, तीन मजले. पोटात आतल्या आत रक्त जातंय म्हणाले." गुडघा चोळत तो म्हणाला, "चढायचा मीच होतो. गुडघा दुखतोय म्हटलं, तर तो चढला."

"माझी नात आहे आत. हृदयाचं आहे."

रंगाऱ्याने मान हलवली. जरा वेळाने तो म्हणाला, "ताई, तुम्ही मघापासून पुटपुटताय. देवाकडे मागताय ना काही?"

"दुसरं काय आहे आपल्या हातात?"

"मग त्यात माझ्या पोरालाही घ्या. मला शब्दच सुचत नाहीत हो."

"घेते की," आजी म्हणाली, आणि तिने घेतलंही. पण आल्यागेल्याला पाणी विचारावं तेवढंच. त्याचं नाव काय हेसुद्धा तिने विचारलं नाही. लगेच ती पुन्हा ठकीकडे वळली.

अकरा वाजेपर्यंत तिच्या इतक्या येरझाऱ्या झाल्या, की मुलगा उठून जवळ आला. तो बस चालवायचा आणि एरवी कधी आवाज चढवायचा नाही. आताही त्याने चढवला नाही.

"आई, जरा खाली जाऊन ये. तुला असं बघून ही जास्तच घाबरतेय."

"आणि काही कळलं तर?"

"फोन करतो. एक वाजेपर्यंत चालणारच आहे म्हणालेत."

तिने ठरवलं काहीच नव्हतं, पण पाय तिला थेट तळघरात घेऊन गेले. लाँड्रीत आता तिची जुनी मैत्रीण मुकादम होती. यंत्रांच्या आवाजावर आवाज चढवून चढवून तिचा गळा असा तयार झाला होता, की सगळे तिला भोंगा म्हणत आणि तिलाही ते चालायचं. आजीचा चेहरा बघून भोंग्याने उशांच्या अभ्र्यांचा ढीग तिच्यापुढे सरकवला.

"हात रिकामे ठेवू नकोस. आणि घड्या नीट घाल, नाहीतर पुन्हा कामावर ठेवीन."

आजी घड्या घालायला लागली. दहा-पंधरा अभ्रे झाले असतील. तेवढ्यात सामानाच्या लिफ्टचं दार वाजलं आणि ढकलगाडी बाहेर आली. गाडीत एकच पिशवी होती. तिसऱ्या मजल्याची.

आजीने घड्याळ पाहिलं. अकरा वीस.

ऑपरेशनची कापडं ऑपरेशन संपल्यावर खाली येतात, मध्येच कधी येत नाहीत. आज तिसऱ्या मजल्यावर दोनच ऑपरेशनं चालू होती, हे तिला पक्कं माहीत होतं. ठकीचं एक वाजता संपायचं होतं. ते आताच संपलं असेल, तर ते कशामुळे संपलं असेल, हे कुणी तिला समजावून सांगायची गरज नव्हती.

तिने पुढे होऊन पिशवी उचलून पाहिली. जड होती, खूपच जड. पिशवीवरच्या चिठ्ठीवर मजला वाचता येत होता. खोलीचा आकडा भिजून पसरला होता.

"ठेव ती खाली," भोंगा मागून म्हणाली. "तू नको बघूस. मी बघते."

आजीच्या हातातून पिशवी सुटली. तिने हौदाचा काठ धरला. तिने डोळे मिटले. सकाळपासून घोकलेलं सगळं डोक्यातून निघून गेलं आणि एकच गोष्ट उरली. 'देवा, हे त्यांचं असू दे. त्या रंगाऱ्याच्या पोराचं असू दे. आमचं नको.'

ती हे मनात म्हणाली का मोठ्याने, हे तिला पुढेही कधी आठवलं नाही. म्हणाली मात्र अगदी जीव तोडून. सकाळपासून इतक्या मनापासून तिने काहीच मागितलं नव्हतं.

भोंग्याने रबरी हातमोजे चढवले आणि गाठ सोडली. हिरवी कापडं काळपट झाली होती. एक, दोन, पाच. आणि मग त्यांच्यात गुंडाळून आलेलं, घाईत कुणीतरी चुकून कोंबलेलं, असं काहीतरी निघालं. कात्रीने उभी कापलेली पँट. मांडीवर पांढऱ्या आणि पिवळ्या रंगाचे शिंतोडे.

आजीला हसू फुटलं. अगदी आवाज येईल असं.

"काय झालं गं?" भोंगा दचकली.

"आमचं नाही," आजी म्हणाली. "आमचं नाहीये ते."

पँटच्या खिशातून काहीतरी फरशीवर पडलं आणि वाजलं. दोऱ्यात ओवलेली घराची किल्ली होती. आजीचं हसू तिथेच थांबलं. त्या किल्लीकडे बघताना तिला कळलं की आपण काय मागितलं, आणि ते किती झटकन मिळालं. सव्वीस वर्षं ती न पाहिलेल्या माणसांसाठी मागत आली होती. आज ज्याच्या बापाशेजारी ती तासभर बसली होती, त्याच्या वाट्याला तिने हे दिलं होतं.

भोंग्याने किल्ली धुतली, पुसली आणि तिच्यापुढे धरली. "वर जातेच आहेस, तर देऊन टाक त्यांच्या माणसाला."

नाही म्हणायला काही कारणच नव्हतं.

रंगारी तिथेच बसला होता. तिने किल्ली पुढे केली. त्याने ती ओळखली आणि मूठ मिटली.

"कुठे मिळाली?"

"खाली. कपड्यांत आली होती."

"कपडे खाली गेले?" तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. "मग संपलं का ऑपरेशन? तुम्हाला कळतं ना इथलं. मघाशी तुमचा मुलगा सांगत होता, तुम्ही इथेच कामाला होता म्हणून."

"मला नाही माहीत, दादा," आजी म्हणाली. खरं तर तिला वाटत होतं की तो गेला.

ती त्याच्या शेजारी बसली. मुलगा आणि सून समोरच्या बाकावर होती, तिकडे जायचं तिला धाडस झालं नाही. तिची भीती आता दुहेरी झाली होती. ठकी अजून आतच होती, तिचं हृदय कदाचित या क्षणी थांबलेलंच असेल. आणि जो देव असलं मागणं ऐकतो, तो पुढे काय करेल याचा भरवसा नव्हता. ती पुन्हा विनवायला लागली. आता एकच मागणं होतं. 'मघाचं ऐकू नकोस. मी म्हटलं ते धरू नकोस. याचा पोरगाही राहू दे.' तिने रंगाऱ्याला मुलाचं नाव विचारलं. त्याने सांगितलं. मग ती ते नाव घेऊन मागत राहिली.

बाराला एक तरुण डॉक्टर बाहेर आला. रंगारी उठला, पण त्याच्याने पुढे जाववेना. डॉक्टरच त्याच्याजवळ आला. रक्त एकदा थांबलं होतं, टाके घालता घालता पुन्हा सुरू झालं. सगळी कापडं बदलून पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं. आता थांबलंय. पण श्वास यंत्रावर आहे, आणि पुढचे काही दिवस काही सांगता येणार नाही.

म्हणजे तो होता अजून. आजीने श्वास सोडला आणि लगेच पुन्हा रोखला, कारण 'काही सांगता येणार नाही' या शब्दांचा अर्थ तिला माहीत होता.

एक वाजला. दीड वाजला. सून आता रडतही नव्हती, नुसती दाराकडे बघत होती. पावणेदोनला डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, टोपी काढली आणि म्हणाल्या, "झालं. नीट झालं. सुरू करताना थोडा वेळ लागला, पण आता आपलं आपण छान चाललंय."

मुलगा मटकन खाली बसला. सुनेने आजीला मिठी मारली. आजीने तिच्या खांद्यावरून पाहिलं, रंगारी तिच्याकडे बघून हात जोडत होता. "तुमचं ऐकलं हो देवाने," तो म्हणाला. आजीला त्याच्याकडे बघवलं नाही.

दुसऱ्या दिवशी ठकी डोळे उघडून आधी पाणी मागायला लागली आणि मग आपली चप्पल कुठे आहे ते विचारायला लागली. तिसऱ्या दिवशी तिने नर्सला तुम्ही फार घाईत चालता असं सांगितलं. तिचे ओठ गुलाबी होते. घरातले सगळे हसायला लागले, पण आजीची झोप उडाली ती उडालीच. मागितलेलं अर्धं मिळालं होतं. उरलेलं अर्धं मिळू नये म्हणून ती रोज खालच्या मजल्यावर, मोठ्यांच्या अतिदक्षता विभागाबाहेर जाऊन बसायची. रंगाऱ्यासाठी घरून जेवण न्यायची. तो खायचा आणि म्हणायचा, "ताई, तुमच्यासारखं माणूस नाही." प्रत्येक वेळी तिला वाटायचं, उठून पळून जावं.

नवव्या दिवशी रंगाऱ्याच्या मुलाच्या घशातली नळी काढली. त्याने बापाला ओळखलं आणि घोगऱ्या आवाजात विचारलं, "काम कोण बघतंय?" रंगारी हे सांगताना हसत होता, रडत होता. तेव्हा मात्र आजीच्याने राहवलं नाही. तिने सगळं सांगितलं. पिशवी, चिठ्ठी, मागितलेले शब्द. आपण हसलो, तेसुद्धा सांगितलं.

त्याने हातातला जेवणाचा डबा बाकावर ठेवला. मग म्हणाला, "मला वाटत होतं, त्या दिवशी तिथे माझ्या बाजूचं एक तरी माणूस आहे." आणि उठून आत गेला. डबा तसाच बाकावर राहिला.

दुसऱ्या दिवशी ठकीला घरी सोडलं. सामान आवरून सगळी लिफ्टपाशी उभी होती, तर रंगारी जिन्याने वर आला. गुडघ्यावर हात ठेवून तो दम खात उभा राहिला. आजी त्याच्याशी काय बोलावं या विचारात होती. तो ठकीपुढे वाकला.

"काय गं, जिना चढताना दम लागतो का अजून?"

"अजून चढूच देत नाहीत मला," ठकी म्हणाली. "तुम्हालाच लागलाय."

"मला लागलाय खरा." तो सरळ झाला आणि आजीकडे न बघता म्हणाला, "आमचं अजून पंधरा दिवस आहे इथे."

"मी येत जाऊ?" आजीने विचारलं.

लिफ्ट आली, मुलाने सामान आत ठेवलं, सुनेने ठकीचा हात धरला.

"या," तो म्हणाला.