भिंतीतला ओटा

मालाडला मार्वे रोडपासून जरा आत सेबॅस्टियनकाकांची चाळ होती. बारा खोल्या, पुढे लांबलचक पडवी, मागे विहीर आणि विहिरीपलीकडे खुद्द मालकांचं कौलारू घर. चाळीतली बहुतेक माणसं कोकणातली, गिरणीत नाहीतर गोदीत कामाला. चौथ्या खोलीत सहदेव राहायचा. भाडं चौदा रुपये. लग्न होऊन सुगंधा याच खोलीत आली, लेक अनुपमा याच खोलीत रांगायला लागली. स्टेशनजवळ तेव्हा ओनरशिपच्या ब्लॉकच्या इमारती उठू लागल्या होत्या. त्यांच्या किमती कुणी सांगितल्या की सहदेव नुसता हसायचा, कारण रडून काही उपयोग नव्हता. ही खोली गेली तर मुंबईत दुसरी मिळणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

अशा माणसानं भिंतीला हात लावू नये. त्यानं लावला, आणि तोही एका ओट्यापायी.

सत्तर साली चाळीला उभ्या ओट्याचं वेड लागलं. तोवर सगळ्या बायका पाटावर बसून स्वयंपाक करायच्या. स्टो खाली, पोळपाट खाली, विळी खाली. सातव्या खोलीतल्या द्रौपदीची बहीण मुलुंडला ब्लॉकमध्ये राहायला गेली. तिथला ओटा पाहून आल्यापासून द्रौपदीला बसून भाकरी थापवेना. नवऱ्याच्या, भीमराजच्या, मागे लागून तिनं विटांचे दोन खांब उभे केले, त्यांवर कडाप्प्याची काळी फरशी ठेवली आणि स्टो वर चढवला. गणपती बघायला जावं तशी अख्खी चाळ ओटा बघायला गेली. म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली, की उभ्यानं केलेलं अन्न अंगी लागत नाही. पण त्यांच्याच सुनांनी दोन महिन्यांत आपापल्या घरी ओटे केले. एक, दोन, करता करता चार झाले.

सुगंधाला काही घाई नव्हती. म्हणजे हळदीकुंकवापर्यंत नव्हती. त्या दिवशी नऊ नंबरची सुनंदा कुंकू लावून घेता घेता आत डोकावली आणि म्हणाली, "अगं बाई, अजून खालीच बसतेस? गुडघे जातील हां."

सुगंधाचे गुडघे तोवर धडधाकट होते. त्या संध्याकाळपासून ते दुखायला लागले.

सहदेवनं आठ दिवस दाद दिली नाही. "आपल्याकडे गॅस नाही, काय नाही. रॉकेलचा स्टो उभ्यानं पेटवून काय मिळणार गो तुला?"

"काही नको मिळायला," ती म्हणाली. "चाळीतल्या सुनांत मी एकटीच जमिनीवर. मला लाज वाटते."

सहदेव नरमला. कामगार माणूस, बायकोनं दागिना मागितला असता तर ओरडला असता. लाज वाटते म्हटल्यावर काय ओरडणार?

तो मालकांकडे विचारायला गेला. सेबॅस्टियनकाका ओसरीवर मासे पकडायचं जाळं शिवत बसले होते. शेजारी त्यांची बायको व्हायोलेटबाय तांदूळ निवडत होती. सहदेव म्हणाला, "काका, ओटा करीन म्हणतो. तुम्ही कागदावर दोन ओळी लिहून दिल्यात तर बरं."

काकांनी जाळं खाली ठेवलं. "कागद? अरे सहदेव, तुझ्या बापाला मी खोली दिली तेव्हा कागद केला होता काय? मी मेलो काय रे? जा, कर ओटा. पहिलं जेवण मला घाल."

सहदेव ओशाळला. ज्याच्या घरून नाताळला दरवर्षी ताट येतं, गणपतीत ज्याच्या घरी आपले मोदक जातात, त्याच्याकडे कागद मागायचा म्हणजे त्याच्या तोंडावर अविश्वास दाखवण्यासारखं. चाळीतल्या एकानंही तो मागितला नव्हता. आपण मागितला याचीच त्याला पुढे बरेच दिवस शरम वाटत राहिली.

माणिक गवंडी आला. त्यानं विचारलं, "वैनी, सात नंबरसारखी विटांवर फरशी ठेवू, की भिंतीत घालू?"

"भिंतीत घाल," सुगंधा म्हणाली. "त्यांचा डुगडुगतो."

तीन बाजूंनी भिंतीला चार चार बोटं खाच मारून त्यानं फरशी आत घातली, सिमेंट भरलं, खाली विटांचं भक्कम बांधकाम केलं, मागे पांढऱ्या लाद्या लावल्या. मोरीचा कट्टाही जरा सरकवला. चाळीतला सगळ्यात देखणा ओटा झाला. सुनंदा येऊन बघून गेली आणि काही बोलली नाही. सुगंधाला तेवढं पुरलं. काका जेवायला आले, कोलंबीचं कालवण ओरपून गेले.

पुढच्या वर्षी काका वारले. घरचा माणूस गेल्यासारखी चाळ रडली. कारभार त्यांच्या मुलाकडे, रोनाल्डकडे, आला. रोनाल्ड वाईट नव्हता. त्याला फक्त जमीन मोकळी हवी होती. मार्वे रोडला बिल्डर फिरू लागले होते. भाडेकरूला असा कोण काढणार, या भरवशावर चाळ निवांत होती. एक दिवस पाच खोल्यांना वकिलाच्या नोटिसा आल्या. मालकाच्या लेखी परवानगीशिवाय पक्कं बांधकाम केलं, सबब खोली खाली करून द्यावी. पक्कं बांधकाम म्हणजे ओटा.

भीमराज म्युनिसिपालिटीत शिपाई होता. त्याला साहेबलोकांची रीत माहीत. नोटीस वाचली त्याच सकाळी त्यानं चौघांना मदतीला बोलावलं, फरशी उचलून विहिरीमागे टाकली, विटा काढल्या आणि द्रौपदी पुन्हा पाटावर बसली. बाकीच्या तिघांचेही ओटे विटांवर नुसते टेकवलेले. दुपारपर्यंत तेही गेले. ज्या बाईनं चाळीला हे खूळ लावलं ती बिनघोर सुटली. राहिली ती सुगंधा, कारण तिला डुगडुगणारा नको होता.

सहदेव वकिलाकडे धावला. नंदकुमार वकील तरुण होता, पण डोक्यानं पक्का. तो म्हणाला, "आता हात लावू नका. तोडलात तर भिंतीत खाचा राहतील, आणि पुरावा नष्ट केला म्हणून वेगळंच लचांड मागे लागेल. म्हाताऱ्यानं तोंडी परवानगी दिली त्याला साक्षीदार कोण?"

साक्षीदार एकच. सुगंधा विहिरीवर व्हायोलेटबायला गाठायला गेली. व्हायोलेटबायनं कळशी खाली ठेवली आणि इकडेतिकडे बघितलं.

"मी होते ना तिथे," ती म्हणाली. "सगळं ऐकलं मी. जेवायला घाल म्हणाला होता. पण सुगंधा, कोर्टात उभी राहून मी मुलाला खोटा पाडू? एकच आहे गं माझा. त्याच्याच घरात जेवते मी." तिचे डोळे भरले.

सुगंधाला तिचा राग यायला हवा होता. आला नाही. आपण तिच्या जागी असतो तर काय केलं असतं, हे तिला चांगलं ठाऊक होतं. तिनंच व्हायोलेटबायची कळशी उचलून तिच्या कमरेवर दिली.

केस दोन वर्षं चालली. शेवटी कोर्टानं ओटा बघायला माणूस पाठवायचं ठरवलं. ओटा पक्का की काढता-घालता येण्यासारखा, त्याच्या अहवालावर सगळं अवलंबून होतं. नंदकुमारनं दोघांना समोर बसवून पढवलं. "फरशी विटांवर ठेवली आहे, एवढंच बोलायचं. बाकी मी बघतो. वहिनी, तुम्ही तर तोंडच उघडू नका." सुगंधानं मान हलवली. खोटं बोलायचं नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं. एवढं कुणालाही जमतं.

त्या दिवशी सहदेवनं रजा टाकली. अकराला यायचा वकील साडेअकरा झाले तरी आला नाही, म्हणून तो नाक्यावर बघायला गेला. तेवढ्यात मागच्या वाटेनं कोर्टाचे साहेब आले. बरोबर रोनाल्ड आणि त्याचा वकील. साहेब पन्नाशीचे, धोतर-कोट घातलेले, घामाघूम. "यजमान वकिलांना आणायला गेलेत? मग थांबू या पाच मिनिटं," ते म्हणाले. भला माणूस. त्यांनी पाणी मागितलं.

दारी आलेल्या माणसाला नुसतं पाणी कसं द्यायचं? सुगंधानं चहा टाकला. गेले चार दिवस ती ओटा घासत होती. कशासाठी, ते तिलाही सांगता आलं नसतं. केस हरायला लावणारा ओटा माणसानं झाकून ठेवावा; हिनं तो आरशासारखा केला होता, मागच्या लाद्या चिंचेनं लखलखीत केल्या होत्या. परका माणूस घर बघायला येणार म्हटल्यावर तिच्याच्यानं दुसरं काही झालंच नसतं.

साहेबांनी चहाचा घोट घेतला, ओट्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "वा. काम छान आहे हो. आमच्या घरी दोन वर्षं ओट्याचं चाललंय, पण असा गवंडी मिळत नाही."

तीन वर्षांत त्या ओट्याला कुणी छान म्हटलं नव्हतं. नोटीस आल्यापासून चाळीत तो सुगंधाचा मूर्खपणा होता, घरात तो न बोलायचा विषय होता. रोज सकाळी तिथं उभी राहून ती मनातल्या मनात स्वतःला शिव्या घालायची. तिच्या आत काहीतरी एकदम सैल झालं.

"माणिक गवंड्याचं काम," ती म्हणाली. "मी उभी राहून करून घेतलंय. नुसतं विटांवर ठेवलेलं नाही काही. चार चार बोटं भिंतीत आहे, तीन बाजूंनी. वर अनुपमा चढून नाचली तरी हलत नाही. माणिक म्हणालेला, वैनी, चाळ पडेल पण ओटा राहील."

बोलताना ती हसत होती. रोनाल्ड जमिनीकडे बघू लागला. त्याचा वकील मात्र हळूच म्हणाला, "साहेब, एवढं लिहून घ्या."

साहेबांनी कप खाली ठेवला. त्यांचा चेहरा उतरला होता. "बाई," ते म्हणाले, "तुम्ही म्हणालात ते लिहू?"

"लिहा की," सुगंधा म्हणाली. तिच्या अजून ध्यानात आलं नव्हतं. साहेब लिहू लागले, टाक कागदावर कुरकुरू लागला, तेव्हा आलं. तिनं तोंडावर हात ठेवला. पण तोंडातून गेलेलं ते गेलंच होतं. साहेबांनी कागद पुढे केला आणि तिनं चौथीत शिकलेल्या वळणदार अक्षरात सही केली. नाही म्हणता येतं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

सहदेव आणि नंदकुमार आले तेव्हा मंडळी पडवी उतरत होती. नंदकुमारनं साहेबांच्या हातातला कागद वाचला, एकदा सुगंधाकडे बघितलं आणि न बसता निघून गेला. जाताना सहदेवला एवढंच म्हणाला, "आता जागा बघायला लागा."

सहदेव आत आला. तो ओरडेल, हात उगारेल, याची सुगंधा वाट बघत उभी राहिली. ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"काय बोललीस?" त्यानं विचारलं.

तिनं सगळं सांगितलं. शब्दन् शब्द.

त्यानं ओट्यावरचा कप बाजूला सारला. मग म्हणाला, "साहेब छान म्हणाला?"

"हो."

त्यानं शर्टाच्या बाह्या वर सारल्या. स्टो, कप, पातेलं एकेक करून खाली जमिनीवर ठेवलं. फरशीच्या कडेला दोन्ही हात घातले आणि ट्रंक उचलतात तसा जोर लावला. त्याच्या मानेच्या शिरा ताठरल्या. सुगंधाला कळलं, की सही झाल्यावर याचा काही उपयोग नाही, आणि त्यालाही ते कळतंय. तरी ती दुसऱ्या टोकाला गेली आणि तिनंही हात घातले.

"हं," सहदेव म्हणाला. "एकदम."

दोघांनी मिळून ओढलं. पुन्हा ओढलं. दारात द्रौपदी येऊन उभी राहिली आणि परत गेली. सुगंधाची बोटं सोलली, सहदेव धापा टाकत भिंतीला टेकला. ओटा केसभरही हलला नाही.

"कुठे जायचं हो आपण?" सुगंधानं विचारलं.

सहदेवला माहीत नव्हतं.