म्हातारबाचं उरलेलं इंधन

हवामानाच्या त्या जुन्या उपग्रहाला कंट्रोल रूममध्ये सगळे म्हातारबा म्हणायचे. ठरलेल्या आयुष्याच्या दुप्पट जगून तो अजून वादळांची चित्रं पाठवत होता. त्याची देखरेख करणाऱ्या इंजिनिअर बाईचा धाकटा भाऊ तीच चित्रं बघून मासेमारीची बोट समुद्रात काढायचा.

म्हातारबाच्या इंधनाच्या टाकीतला दाब उतरू लागला, तेव्हा सगळ्यांनी सेन्सरवर खापर फोडलं. तिला ते पटेना. इंजिन चालवलेलं नसतानाही उपग्रह एका बाजूला कलत होता. म्हणजे इंधन गळत होतं आणि त्याच्याच धक्क्याने तो ढकलला जात होता. इंजिनाच्या झडपेतलं रबर वर्षानुवर्षं ऊन-गारठा खाऊन कडक झालं होतं. झडप आता नीट मिटत नव्हती.

साहेबांनी सुचवलं, त्या झडपेच्या मागची मुख्य झडप बंद करू आणि नवा उपग्रह येईपर्यंत रेटू. ती म्हणाली, मुख्य झडपेतही तेच रबर आहे. तीही गळाली तर म्हातारबा इतर उपग्रहांच्या वाटेत मढ्यासारखा फिरत राहील, कुणावर तरी आदळेल. इंधन आहे तोवर त्याला वरच्या मोकळ्या कक्षेत नेऊन बंद करायला हवं.

"आणि तुमचा भाऊ?" साहेबांनी विचारलं.

"त्याला मीच सांगते."

भावाने ऐकून घेतलं. "तू वरचं बघ ताई, मी पाण्यातलं बघतो," असं म्हणून तो हसला, पण फोन लवकर ठेवला.

अर्ध्या वाटेवरच दाब कोसळला. इंजिन अडखळत विझलं, तोवर म्हातारबा कसाबसा गर्दीच्या वर निघाला होता. त्याचा रेडिओ बंद करण्याची आज्ञा तिनेच पाठवली.

नव्या उपग्रहाचं उड्डाण लांबत गेलं. मोसमाच्या अखेरीला वादळ आलं. त्याचा इशारा दुसरीकडून, उशिरा पोचला. भावाची बोट परतली. तिच्याबरोबर निघालेली शेजाऱ्याची बोट परतली नाही.

"चित्र असतं तर आधी कळलं असतं का?" त्याने फोनवर विचारलं.

काहीबाही सांगून वेळ मारून नेणं सोपं होतं. "हो," ती म्हणाली.

या वेळी फोन दोघांपैकी कुणीच ठेवला नाही.