पळणारं टर्नटेबल

दोन्ही टर्नटेबलं एकाच आठवड्यात बिघडली, असं चकतीताईने सांगितलं तेव्हा तिच्या नवऱ्याने हातातला रंधा खाली ठेवला. तो सुतार होता. एकाच वेळी दोन गोष्टी बिघडल्या म्हटलं की त्याला आधी जमीन तिरकी आहे का, ते बघायची सवय.

"दोन्ही?" त्याने विचारलं.

"दोन्ही. पळतायत. सूर चढा लागतोय."

"एकदम?"

"वय झालंय त्यांचं. बावीस वर्षं झाली, अजून किती राबवायचं?"

ती घाईने आत निघून गेली. अजून दोन प्रश्न आले असते तर तिला खरं सांगावं लागलं असतं.

चकतीताई म्हणजे रेकॉर्ड वाजवणारी बाई. खरं नाव मंगल कार्यालयांच्या वहीत असायचं, बाकी सगळ्यांना ती चकतीताईच. लग्न असो, वाढदिवस असो, नाहीतर शनिवारी चार वाजता सभागृहात भरणारा निवृत्त लोकांचा नाच असो, दोन टर्नटेबलं मांडून ती मागे उभी राहायची. एकावरचं गाणं स्पीकरवर चालू असताना दुसऱ्यावरचं पुढचं गाणं हेडफोनात ऐकायचं, त्याचा वेग पहिल्याशी जुळवायचा आणि नाचणाऱ्याला कळूही न देता एकातून दुसऱ्यात न्यायचं. हेडफोन ती डाव्या कानाला लावायची, उजवा कान सभागृहाकडे. बावीस वर्षं हेच.

तीन आठवड्यांपूर्वीच्या शनिवारी हेडफोनातलं गाणं तिला चढं वाटलं. वेग जास्त झाला असणार, म्हणून तिने वेगाची पट्टी सरकवून तो कमी केला. गाणं सभागृहात सोडलं आणि दोन ठेके एकमेकांवर आदळले. फरशीवरची सगळी पावलं अडखळली. एक निवृत्त पोस्टमास्तर बायकोचा हात धरून पडता पडता वाचले. लोक हसले. तीही हसली, पण पाठीला घाम फुटला होता.

घरी येऊन तिने दोन्हींच्या वायरी अदलाबदल करून पाहिल्या. ज्याचा आवाज हेडफोनात, ते पळायचं. ज्याचा स्पीकरवर, ते शहाणं. दोष टर्नटेबलात नाही, हे शिकाऊ माणसालाही एवढ्यावरून कळलं असतं. तिने वायरी परत होत्या तशा लावल्या आणि ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. स्वतःलासुद्धा नाही.

त्याच दिवसांत बातमी आली. तिच्याकडचं मॉडेल कंपनीने कधीच बंद केलं होतं. आता तेच नव्याने बाजारात आणलं होतं. दिसायला हुबेहूब तेच, आत म्हणे सगळं नवं. किंमत मात्र अशी की तिने आकडा दोनदा वाचला. नवरा-बायकोची सामानाची जुनी गाडी त्याहून स्वस्तात आली होती. पण तिला त्या आकड्याने धीर आला. एवढं महाग यंत्र पळणार नाही. ते पळालं नाही, की दोष जुन्या यंत्रांचा. मग काही प्रश्नच नाही.

सोमवारी सकाळी दोघं दुकानात गेली. दुकानदारकाका तिला तरुणपणापासून ओळखायचे. जुन्या टर्नटेबलांची सुई, पट्टा, बटणं, सगळं त्यांच्याच हातून गेलेलं.

"खरं बोलू का, ताई?" नवं यंत्र खोक्यातून काढता काढता ते म्हणाले. "चीज चांगली आहे. मोटर सुरू होताना झटका देत नाही, रेकॉर्डखालची तबकडी जड केलीय, सुईचा दांडा गुळगुळीत फिरतो. पण निम्मी किंमत नावाची आहे. घरी सजवून ठेवणाऱ्याने घ्यावं. तुमची दोन अजून वीस वर्षं मरत नाहीत."

"माझी पळतायत, काका."

"ती पळणारी जात नाही."

"तुम्ही लावा तर खरं."

तिने घरून आणलेली रेकॉर्ड पुढे केली. शेकडो वेळा वाजवलेली, तिचा सूर ती झोपेतून उठवलं तरी सांगू शकली असती. काकांनी तबकडी फिरवली. कडेला कोरलेल्या ठिपक्यांवर लाल दिव्याचा उजेड पडला. वेग बरोबर असला की ते ठिपके एका जागी उभे दिसतात. ते उभे होते, भिंतीत खिळे ठोकल्यासारखे.

तिने हेडफोन डाव्या कानाला लावला.

सूर चढा होता.

ती ठिपक्यांकडे बघत राहिली. एक तरी ठिपका सरकावा म्हणून तिने मनातल्या मनात हात जोडले. ठिपके हलले नाहीत.

"हेही पळतंय," ती म्हणाली.

काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग ठिपक्यांकडे, मग तिच्या नवऱ्याकडे. नवरा पुढे आला. त्याने हेडफोन तिच्या डाव्या कानावरून हळूच काढला आणि उजव्यावर ठेवला. गाणं जिथल्या तिथे आलं.

"आता?" त्याने विचारलं.

तिने पर्स उघडली. "काका, दोन बांधून द्या."

"अगं," नवरा म्हणाला.

"दोन द्या म्हणते ना. मला शनिवारी लागणारेत." बिल हातात आलं असतं तर दोष यंत्राचाच होता असं कागदावर तरी राहिलं असतं.

काकांनी तबकडी थांबवली. "आज नाही विकणार मी."

"गिऱ्हाईक परत पाठवता?"

"तुम्हाला पाठवतो. कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन या. त्यानंतर म्हणाल तर दोन काय, चार देईन."

ती रागाने बाहेर पडली. गाडीत बसल्यावर राग कुठल्या कुठे गेला आणि नुसती भीती उरली. "उजवाही गेला तर?" ती म्हणाली. "मला दुसरं काय येतं रे?"

नवऱ्याने गाडी सुरू केली नाही. "किती दिवस झाले?"

"तीन आठवडे."

"आणि मला टर्नटेबल बिघडलं म्हणून सांगितलंस." तो एवढंच म्हणाला. मग गाडी घराकडे नेण्याऐवजी दवाखान्याकडे वळवली.

डॉक्टरीणबाईंनी तिला काचेच्या खोलीत बसवून दोन्ही कान तपासले. डाव्याचं ऐकणं कमी झालं होतं, आणि तोच सूर त्याला उजव्यापेक्षा चढा ऐकू येत होता. असं होतं म्हणाल्या. गोळ्या लिहिल्या. पहिल्याच आठवड्यात आला असतात तर जास्त आशा होती, हेही सांगितलं. ते वाक्य चकतीताईला लागायचं तसं लागलं. "आणि एकाच कानाचं असलं की डोक्याचा स्कॅन करतो आपण. आत काही वाढलेलं नाही ना, तेवढं बघायला."

स्कॅनचा निकाल यायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत तिने एकही रेकॉर्ड लावली नाही. भांडं पडलं तरी दचकायची, आणि मग ते कुठल्या कानाने ऐकलं याचा विचार करत बसायची. नवरा रंधा मारायलाही बाहेर जाऊन बसे. निकाल घेऊन तोच आला. जिना चढतानाच त्याने खालून ओरडून सांगितलं, "काही नाही. साफ आहे." ती चार पायऱ्या उतरून त्याच्यापाशी आली.

गोळ्यांनी डावा कान थोडा सुधारला, पूर्ण नाही. सूर अजून किंचित चढा लागतो. तो बहुधा तसाच राहील, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. उजवा धडधाकट होता. तो तसाच राहील का, याचं वचन त्यांनी दिलं नाही.

तिने काकांना फोन करून सगळं सांगितलं.

"मग नवं यंत्र?" त्यांनी विचारलं.

"पैशाच्या लायकीचं असेल, काका. पण माझ्यात जे बिघडलंय त्याला त्याचा काय उपयोग?"

स्कॅननंतरच्या सहाव्या शनिवारी ती परत सभागृहात उभी राहिली, जुनी दोन घेऊन. हेडफोन उजव्या कानाला लावायचा म्हणजे हात चुकीच्या बाजूला जायचे; घरी तिने महिनाभर सराव केला होता, तरी पहिलं गाणं बदलताना ती घाबरली होती. तिने पट्टी सरकवली. आता सभागृहाकडे असलेला डावा कान सूर काही का सांगेना, फक्त ठेका मोजायचा, असं स्वतःला बजावलं. गाणं बदललं. फरशीवर कुणी थांबलं नाही. पोस्टमास्तर बायकोला गिरकी देऊन पुढे गेले.

सात वाजेपर्यंत तिने तेवीस गाणी बदलली आणि प्रत्येक वेळी तितकीच घाबरली. सामान गाडीत चढवल्यावर नवऱ्याने विचारलं, "कसं झालं?"

"झालं," ती म्हणाली. "पुढच्या शनिवारी तूही थांब आत. मागे नुसता उभा राहा."

"राहीन," तो म्हणाला आणि दार लावून घेतलं.