वीतभर अलीकडे

टेम्पोच्या उजव्या आरशात काहीच दिसत नव्हतं. नुसता राखाडी रंग—सपाट, कशाचाच नसलेला. मागचा रस्ता, कडेची दुकानं, पांढरे पट्टे, टेम्पोच्या बाजूला वाकून बघणारी ती स्वतः, यातलं काही म्हणजे काहीच त्यात उमटलं नव्हतं. हा आभासी रस्ता बांधायला घेऊन आठ महिने झाले होते... गटाराच्या झाकणांवरची नक्षीसुद्धा तिने स्वतः काढली होती, आणि आरसा मेला तसाच राहून गेला. मुलांच्या लक्षात यायचं नाही म्हणा. संध्याकाळी पाचला तिने मंजुरी दिली की हा रस्ता तीनशे शाळांत जाणार होता, आणि हेडसेट चढवून दुसरी-तिसरीतली पोरं वर्गातल्या वर्गात रस्ता ओलांडायला शिकणार होती. तिने आरशाची नोंद केली आणि ती टेम्पोच्या पुढ्यात आली.

टेम्पो तिच्यापासून वीतभर अलीकडे थांबलेला होता. इथली प्रत्येक गाडी मुलाच्या वीतभर अलीकडे थांबायची, मूल कसंही आडवं येवो. हा नियम तिचा. बैठकीत त्यावरून चांगलीच जुंपली होती. सल्लागार म्हणून बोलावलेले निवृत्त मास्तर म्हणाले होते, "बाई, एकदा तरी लागू द्या की. रक्त नको, किंकाळी नको, नुसता समोर अंधार करा. पण काहीतरी होऊ द्या." त्यावर तिचा आवाज उगाचच चढला होता. "मुलांना घाबरवून शिकवायचं नाही, एवढंच माझं म्हणणं आहे," ती म्हणाली होती, आणि मास्तरांनी चष्मा काढून पुसायला घेतला होता. त्यांना काय ठाऊक... रस्ता आला की बाबांचं ते सुरू व्हायचं, चिरडून जाशील, ओळखूही येणार नाहीस, आणि बावीस वर्षांची घोडी झाली तरी ती कॉलेजच्या फाटकात उभी राहून पलीकडे जाणारं कुणी येतंय का याची वाट बघायची, आणि मग त्या परक्या माणसाच्या आडोशाने, त्याला कळू न देता, पलीकडे जायची. लेकीच्या वाट्याला हे येऊ द्यायचं नव्हतं. चाचणीला आलेल्या छत्तीस मुलांना शेवटी विचारलं होतं, भीती वाटली का? छत्तीसच्या छत्तीस जणांनी 'नाही'वर खूण केली. वरिष्ठांनी तिची पाठ थोपटली.

पावणेतीन. लेकीची शाळा साडेतीनला सुटायची. रोज तिची आत्या आणायला जायची, पण आज आत्या तापाने फणफणली होती, आणि सकाळी केसांना रबर लावून घेता घेता लेक म्हणाली होती, "मी येते की एकटी. एकच तर रस्ता आहे."

"दोन्हीकडे बघशील?"

"आई, तुझ्या रस्त्यावर सगळ्यात आधी कोण चाललं?"

ती हसली होती. नवराही म्हणाला, "येऊ दे गं, कधीतरी सोडायलाच हवं." मग तिने किल्ली दप्तराच्या आतल्या कप्प्यात घातली... आणि तेव्हापासून ती सारखं घड्याळ बघत होती.

मनाची समजूत म्हणून तिने लेकीची नोंद उघडली. चारशे बारा वेळा रस्ता ओलांडलेला. पहिल्या वेळी ती छोटी आकृती काठाशी थांबली, मान उजवीकडे, डावीकडे, परत उजवीकडे—शिकवलं तसं, शहाण्यासारखं. नवव्या वेळी डावीकडे पाहिलंच नाही. तिसाव्या वेळी मान हललीही नाही. दोनशेच्या पुढे तर ती नुसती धावत होती, आणि मग धावायचाही कंटाळा आला असावा, कारण ती मुद्दाम टेम्पोच्या पुढ्यात जायची, तो थांबायचा, ती त्याचं नाक थोपटायची, मागे यायची, परत जायची... आणि आवाजाच्या नोंदीत ती गुणगुणत होती. लेक. आपल्याच तंद्रीत, चित्र रंगवताना गुणगुणते तशी. 

हेडसेट काढून तिने हाक मारली. गाड्यांचा प्रोग्रॅम लिहिणारा दाढीवाला शेजारीच बसायचा.

"त्या छत्तीस जणांपैकी शेवटच्या वेळी मान किती जणांनी वळवली?"

"मान?" त्याने जरा शोधलं. "एकानेही नाही. शेवटी शेवटी खेळतात हो मॅडम, पोरंच ती. पण पोचली सगळी. शंभर टक्के सुखरूप."

पोचणारच. तिथे दुसरं काही होणं शक्यच नव्हतं, आणि आपण ते टक्के काढून, चौकट आखून, अहवालाच्या पहिल्या पानावर छापले. मी शिकवलं हे. बाबांनी मला उभं राहायला शिकवलं, मी हिला चालत सुटायला शिकवलं, आणि चारशे बारा वेळा, बक्षीस दिल्यासारखं, गाडी थांबवून दाखवली.

शाळेचा फोन लागला, पण कुणी उचलेना. ती पर्स न घेताच जिना उतरली. शाळा पायी पंचवीस मिनिटांवर, आता तीन वाजून दहा... साडेतीनच्या आत पोचायला हवं. पानवाला, औषधांचं दुकान, बँक, सगळं तिच्या अंगावरून नुसतं गेलं. एका स्कूटरने कुठेतरी करकचून ब्रेक लावला, पण तो आवाज इथला होता, शाळेकडचा नव्हता. पोचेपर्यंत शाळा सुटलेली होती. पलीकडच्या पदपथावर पोरांचा घोळका, आणि घोळक्याच्या पुढे, अगदी काठाशी, लेक. उभी होती. धडधाकट. तिला काही सुचलं नाही, ती सरळ तिच्याकडे निघाली.

ब्रेकचा आवाज झाला. एक निळी गाडी तिच्या गुडघ्यांशी थांबली होती, आणि आतला पिकल्या केसांचा माणूस काच खाली करत होता. 

"बाई, बघून चालता येत नाही? आत्ता गेला असतात."

तिने मान हलवली. हात जोडले. छातीत धडधडेल म्हणून क्षणभर थांबली... धडधडलं नाही.  गाडी येताना तिला डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसली होती, हे आता तिला आठवलं, आणि ती दिसली तेव्हा मनात काय आलं होतं तेही: थांबेल. एवढंच. आठ महिन्यांत आपण त्या आभासी रस्त्यावर किती हजार वेळा आडवे गेलो याचा कुणी हिशेबच ठेवला नव्हता.

ती पलीकडे पोचली. लेकीने तिचा हात धरला.

"तू कशाला आलीस? मी येतच होते." मग निळ्या गाडीकडे बघत, जरा नाराजीने, "ते काका उगीचच ओरडले ना? थांबली तर होती गाडी."

तिने लेकीचा चेहरा नीट पाहिला. सगळं डोळ्यांसमोर घडलं होतं, आई, गाडी, ब्रेक... आणि चेहऱ्यावर काही नव्हतं, शाळेतून आल्याची भूक तेवढी होती. खिशात फोन थरथरला. दाढीवाल्याचा निरोप: मंजुरीचं पाचला पक्कं ना? तिने फोन परत ठेवला.

"चल ना आई."

लेक हात ओढत होती आणि ती काठाशी उभी होती. गाड्या जात होत्या. दिवा हिरवा झाला, लोक ओलांडून गेले, परत लाल झाला. लेकीला भीती वाटावी, आत्ता, इथे, थोडी तरी वाटावी, असं तिला जिवाच्या आकांताने वाटत होतं, आणि ती भीती लेकीच्या मनात कशी घालायची ते तिला सुचत नव्हतं, कारण आता तिच्या स्वतःजवळही ती उरली नव्हती.