ठकठक महाराज आणि उसासे टाकणारी गाडी

"बसा, आनखी दोघं बसा! आबांना भार चालतो, शंका चालत न्हाई!"

गहिनीनाथच्या अंगणात शनिवारी सकाळी दीड-दोनशे माणूस उभं होतं. पलीकडे काष्टीचा बैलबाजार भरला होता, पण निम्मा बाजार इकडंच लोटला होता. एक जण तर नुकताच घेतलेला खोंड कासऱ्यानं धरून गर्दीत शिरला होता. सगळ्यांच्या नजरा एका अवाढव्य पांढऱ्या जीपगाडीच्या मागच्या अंगावर खिळल्या होत्या.

मागच्या बाकांवर सहा जण कोंबून बसले. गाडीचं बूड खाली गेलं.

"नमस्कार केला बघा आबांनी!" ठकठक महाराज ओरडले. "आता किल्ली फिरवा. दीप पेटू द्या."

गहिनीनाथनं किल्ली फिरवली. स्टिअरिंगपुढचे लाल-पिवळे दिवे लागले. बायकांनी काचेतून त्या दिव्यांना हात जोडले. दहा-पंधरा सेकंद अंगणात चिडीचूप. मग गाडीच्या पोटातून घुंऽऽऽ असा आवाज सुरू झाला.

"ओंकार! ऐका, ओंकार!"

आणि खरोखरच गाडीचं मागचं अंग, कोणी जॅक न लावता, कोणी हात न लावता, सहा माणसांसकट हळूहळू वर उठलं. टाळ्या वाजल्या. खोंड बिथरला.

"पर आबांना तर जित्तेपनी मनक्याचा तरास हुता," गर्दीतून एक म्हातारा म्हणाला. "पान्याची घागर उचलत न्हवते."

"देह गेला, मनका गेला," महाराज म्हणाले. "आता निस्तं बळ ऱ्हायलंय."

माणसं उतरली. मोकळी गाडी क्षणभर शेपूट वर केलेल्या कोंबडीसारखी उभी राहिली. मग फुस्सऽऽ असा लांबलचक उसासा टाकून बूड खाली आलं. ओसरीवर बसलेल्या आबांच्या पत्नी सुमनबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

"जेवन झालं का असाच उसासा टाकायचे," त्या म्हणाल्या.

माझं नाव श्रीमंत. गावच्या हायस्कुलात मराठी शिकवतो आणि गहिनीनाथचा शेजारी आहे, त्यामुळे हा तमाशा पहिल्या दिवसापासून माझ्या डोळ्यांसमोर झाला. गहिनीनाथ अकरा वर्षं मस्कतला होता. सत्त्याण्णव साली तो कायमचा परत आला तो ही परदेशी गाडी घेऊन. तिचं स्टिअरिंग डावीकडे असल्यामुळे पहिला महिनाभर गावातले लोक उजवीकडे बसलेल्या त्याच्या बायकोलाच, शुभांगीलाच, ड्रायव्हर समजून हात करायचे. गाडी आली आणि तीन महिन्यांत त्याचे वडील कारभारीआबा वारले. दहाव्याचे पाहुणे गाडीत भरून दौंड स्टेशनवर सोडायचे होते. मागं सात जण बसले, गाडी घुमली आणि वर उठली. स्टेशनवर पाहुणे उतरताच तिनं उसासा टाकला. येताना वाटेत मागून आवाज आला, ठक्. सुमनबाई दचकून म्हणाल्या, "ह्यांची काठी."

हे गावभर झालं आणि आठवड्याच्या आत ठकठक महाराज कुठूनसे प्रकटले. नाव त्यांनीच घेतलं होतं. मराठी शिकवणाऱ्या माणसाला त्या नावातच सगळं ऐकू येत होतं, पण लोक ते भक्तिभावानं उच्चारत होते. महाराजांनी गाडीला हळद लावली, टायरांना गंडे बांधले, आणि गाडी गॅरेजला न्यायची नाही असं बजावलं. "परका हात लागला तर आबा उठून जातील," हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य.

मग प्रश्नोत्तरं सुरू झाली. भक्तानं गाडीत बसायचं, गहिनीनाथनं चालवायची, महाराजांनी प्रश्न आबांपुढे ठेवायचा. ठक् झालं तर होकार, नाही झालं तर नकार. म्हैस रेडी देईल का, पोराला सोनईची मुलगी करावी का, हरवलेली शेळी जिवंत आहे का, असे प्रश्न घेऊन लोक सकाळपासून नंबर लावायचे. एकदा बॅटरी उतरली तेव्हा दोन दिवस गाडी घुमलीच नाही. महाराजांनी जाहीर केलं की आबांनी मौन धरलंय. तिसऱ्या दिवशी बॅटरी चार्ज करून आणल्यावर मौन सुटलं.

मीही एकदा गंमत म्हणून बसलो. विचारलं, "माझ्या बायकोचं नाव पुष्पावती आहे का?" गाडी गतिरोधकावरून गेली, पण आवाज नाही. म्हणजे नकार.

"अहो, बावीस वर्षं झाली लग्नाला!"

"आबांना ठावं हाय ते," महाराज गंभीरपणे म्हणाले. "पर त्यांच्या लेखी त्यांचं नाव येगळं हाय. मागच्या जल्माचं."

घरी हे सांगितल्यावर पुष्पावतीनं दोन दिवस मला त्या मागच्या जन्मीच्या बाईकडं जेवायला जा म्हणून सांगितलं.

इथवर सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण एका दुपारी शुभांगी शाळेत आली आणि स्टाफरूमच्या दारातच रडायला लागली.

"मास्तर, आत्याबाईंनी शुगरच्या गोळ्या बंद केल्यात. तीन आठवडे झाले. पायाला जखम झालीय, ती भरत न्हाई. काल चक्कर येऊन पडल्या."

"कुणी सांगितलं बंद करायला?"

"मामंजींनी." मग तिचं तिलाच ते कसंतरी वाटलं. "म्हंजी गाडीनं. महाराजांनी इचारलं, गोळ्या बंद कराव्या का? तर ठक् झालं."

आमच्या शाळेत यशोधरा साळवे विज्ञान शिकवायच्या. त्या वह्या तपासत बसल्या होत्या. त्यांनी पेन बंद केलं. त्यांचे वडील नगरला लष्कराच्या वाहनांच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते, आणि सुट्टीत या बाईंनी पुस्तकांइतकाच वेळ गाड्यांखाली काढला होता.

"आधी त्यांना डॉक्टरांकडे नेऊ," त्या म्हणाल्या.

आम्ही लगेच गेलो. सुमनबाईंनी जखमेचा पाय पातळाखाली ओढून घेतला. "त्यांनी नगं म्हनलंय. पस्तीस वर्सं त्यांचा सबूद मोडला न्हाई, आता कशी मोडू?"

बाहेर आल्यावर यशोधराबाई अंगणातल्या गाडीकडे बघत राहिल्या. "मास्तर, काकूंना औषध द्यायचं असेल तर आधी आबांना तपासावं लागेल."

दुसऱ्या दिवशी शुक्रवारी त्या भक्त म्हणून गाडीत बसल्या. मी सोबत होतो. मांडीवर वही ठेवून त्या रस्ताच लिहीत होत्या: कुठे खड्डा, कुठे गतिरोधक, कुठे ठक्. घरी परतल्यावर वही माझ्यापुढे धरली.

"हे बघा. गतिरोधकावर दोन्ही मागची चाकं एकदम उचलली जातात, तिथे एकदाही आवाज नाही. एकच चाक खड्ड्यात गेलं की दर वेळी ठक्. आणि महाराजांना होकार हवा असला की ते काय म्हणतात, ऐकलंत? 'गहिनीनाथ, डाव्या अंगानं घ्या, आबांना सावली पायजे.' डाव्या अंगाला सगळे खड्डे आहेत."

"म्हणजे याला गाडीतलं कळतं?"

"चांगलंच कळतं. हा माणूस कधीतरी टेम्पोवर असणार."

आणि सुरुवातीला सांगितलेल्या त्या शनिवारी, आबांचा उसासा होतोय न होतोय तोच, त्या बाजाराच्या गर्दीत हजर झाल्या. पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला बांधलेली, हातात पान्यांची पिशवी. अंगणात पोचताच म्हणाल्या, "महाराज, आज माझीही माणसं बसवायची आहेत."

"बसवा की. भक्त कुठं हायती?"

"येतायत." मागून हमालांनी पेंडीची सहा पोती आणून गाडीच्या मागच्या भागात टाकली. गाडीचं बूड दबलं. बाईंनी स्वतः किल्ली फिरवली. घुंऽऽऽ! पोत्यांसकट गाडी वर उठली.

लोक एकमेकांकडे बघायला लागले.

"आबांनी पेंडीला नमस्कार का केला?" बाईंनी विचारलं.

महाराजांनी लगेच हात वर केला. "पेंड गाईच्या पोटात जाती. गाईच्या पोटात तेहतीस कोटी. आबांनी त्यांना नमस्कार केला!"

थोड्या टाळ्याही पडल्या. बाईंनी पोती उतरवली, उसासा होऊ दिला, मग स्टिअरिंगखालचं एक झाकण काढून त्यातून नखाएवढा फ्यूज उपसला. पोती पुन्हा चढवली. गाडी दबली आणि तशीच दबून राहिली. मिनिट गेलं, दोन मिनिटं गेली.

"मौन!" महाराज म्हणाले.

"फ्यूज बसवला की मौन सुटेल." बसवला. सुटलं. घुंऽऽऽ.

आता गर्दी पुढं सरकली. बाई पोती काढायला सांगून पाठीवर आडव्या झाल्या आणि गाडीखाली सरकल्या. खालून त्यांचा वर्गातला आवाज यायला लागला.

"मागच्या कण्याला एक छोटी दांडी जोडलीय. वर वजन आलं की गाडी खाली दबते आणि ही दांडी वर होते. दांडी वर झाली की पंक्चरवाल्याकडे असतो तसला हवेचा पंप चालू होतो. तो तुमचा ओंकार. पंप मागच्या शॉकअपमध्ये हवा भरतो, गाडी सरळ होते. वजन उतरलं की दांडी खाली, जादा हवा बाहेर. तो उसासा. मागं कितीही माणसं बसली तरी गाडी सपाट चालावी म्हणून कारखान्यानंच ही सोय केलीय. आता मी दांडी सोडवून हातानं वर करते. गाडीत कोणी नाही, सगळ्यांनी बघा."

दांडी वर. घुंऽऽऽ. रिकामी गाडी उठली. दांडी खाली. फुस्स. गाडी बसली. तिसऱ्या वेळी बाई खालून म्हणाल्या "ऊठ" आणि गाडी उठली, "बस" म्हणाल्या आणि गाडी बसली. मघाचा म्हातारा पोट धरून हसायला लागला. "आबा जित्तेपनी कुनाचं यवढं ऐकत न्हवते!"

"आनि ठक्?" महाराज किंचाळले. "ठक् कुठनं येतं ते सांगा! पंप ठक् करतो व्हय?"

"नाही. ते दुसरं दुखणं." बाईंनी दोन्ही चाकांमधली एक जाड सळई हातानं हलवून दाखवली. "गाडी एका अंगाला कलू नये म्हणून ही सळई असते. तिच्या टोकाला कांडी आहे, कांडीच्या डोक्यात रबर. ते झिजून संपलंय. एकच चाक खड्ड्यात गेलं की सळई पिळली जाते आणि लोखंडावर लोखंड आपटतं. ठक्. दोन्ही चाकं एकदम उचलली तर ती पिळत नाही, म्हणून आवाजही नाही. गहिनीनाथभाऊ, हे असंच ठेवलं तर एक दिवस कांडी तुटेल. भरल्या गाडीत वळणावर काय होईल, तुम्हीच विचार करा."

त्यांनी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून कांडीच्या डोक्यात घट्ट भरली, नट आवळला आणि बाहेर आल्या. केसांत माती, गालावर ग्रीस.

"आता चला. महाराज, तुम्ही पुढं बसा. रस्ता तुम्ही निवडा, प्रश्न मी विचारते."

गहिनीनाथनं गाडी काढली, बाई आणि मी मागं बसलो, गाडीमागे अर्धं गाव पळालं. डावं अंग, सावली, ओळखीचा पहिला खड्डा. यशोधराबाईंनी खणखणीत आवाजात विचारलं, "आबा, हे महाराज खरे आहेत का?"

गाडी खड्ड्यातून गेली. आवाज नाही.

"डाव्या अंगानं घ्या! आनखी डाव्या!" महाराजांनी स्टिअरिंगलाच हात घातला. दुसरा खड्डा, तिसरा खड्डा. नुसती टायरांची घरघर.

"तीन वेळा नकार आला, महाराज," मी मागून म्हणालो.

लोकांनी त्यांना खाली ओढलं. दोन-चार हात उगारलेही गेले, पण यशोधराबाई मध्ये उभ्या राहिल्या. "मारायचं नाही. औषध बंद करायला लावलंय, त्याची तक्रार पोलिसात करू." गहिनीनाथच महाराजांना चौकीत घेऊन गेला. तिथे महाराजांनी कबूल केलं की दहा वर्षं ते मालाच्या टेम्पोवर क्लीनर होते.

अंगण रिकामं झालं. सुमनबाई अजून ओसरीवरच होत्या. सगळं त्यांनी बघितलं होतं. यशोधराबाई ग्रीसचे हात तसेच घेऊन त्यांच्याजवळ जमिनीवर बसल्या.

"म्हंजी ते न्हाईत?" सुमनबाईंनी विचारलं.

"नाहीत, काकू. ती हवा आहे."

सुमनबाईंनी पदराच्या टोकानं बाईंच्या गालावरचं ग्रीस पुसलं. मग म्हणाल्या, "मला ठावं हुतं, बाई. इतकी का मी खुळी हाय? पर दहावा झाला आनि घरात त्यांचं नाव कुनी काढंना. मी रडंन म्हनून समदी गप. गाडी उसासली का मातुर समदी म्हनायची, आबा आलं, आबा बोललं. त्यापायी मी बसून ऱ्हायचे. गोळी घेतली असती तर ते समदं खोटं ठरलं असतं."

शुभांगी तिथेच उभी होती. तिनं पाण्याचा तांब्या आणि गोळीची पट्टी आणली. सासूच्या हातावर गोळी ठेवत म्हणाली, "आत्याबाई, मामंजी मला पयल्यांदा बघाया आलते तवा चहात मीठ पडलं हुतं. तरी समदा पेले. तुमास्नी ठावं हाय?"

"मीठ?" सुमनबाई म्हणाल्या. "मला सांगितलं न्हाई कधी." आणि त्यांनी गोळी घेतली.

त्याच दुपारी त्यांना श्रीगोंद्याला डॉक्टरांकडे नेलं. पाय वाचला, पण अंगठा काढावा लागला. आठ दिवस आधी आणलं असतं तर तोही राहिला असता, असं डॉक्टर म्हणाले. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण गाडीची गोष्ट सांगताना लोक हसतात आणि अंगठा विसरतात.

तर एवढंच सांगायचं आहे. एखादी वस्तू आपोआप उठली, घुमली, वाजली, तर घाबरू नका, हात जोडू नका. वाका आणि खाली बघा. स्वतःला कळलं नाही तर कळणाऱ्याला विचारा. खाली बघू नका असं जो सांगतो, त्याच्यावर पहिला संशय घ्या. डॉक्टरांनी दिलेली गोळी डॉक्टरांशिवाय कुणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका, मग तो आवाज कितीही ओळखीचा वाटो. आणि घरातलं माणूस गेलं असेल तर त्याच्याबद्दल बोला. त्याचं नाव घ्यायला कोणत्याही महाराजाची परवानगी लागत नाही.