अनहायजिनिक

भोईवाड्यातल्या टॉवरच्या गेटवर सोसायटीने कागद चिकटवला, तेव्हा गुणवंती कोळीण सुरमई कापत होती. गेटशेजारच्या त्या हातभर जागेत ती टॉवर उभा राहायच्या कितीतरी आधीपासून बसत होती. नात प्रिया कॉलेजातून येताना कागद वाचून थबकली.

"आजी, रविवारच्या मीटिंगात तुला इथून उठवायचं ठरवणार. धंदा अनहायजिनिक आहे म्हणे."

"म्हंजे?"

"अस्वच्छ. आरोग्याला वाईट."

"मग तसं लिहायला मराठीची शाई संपली होती? आला कुठनं हा शब्द?"

प्रियाने मोबाइलवर शोधलं. "ग्रीक लोकांची एक देवी होती, हायजिया. आरोग्याची. हायजिनिक शब्द तिच्याच घरातला. पुढे 'अन' लावला की उलटं. हॉटेलला लावतात, संडासाला लावतात."

"आणि माणसाला?"

"माणसाला लावला तर अपमानच गो."

गुणवंतीने कोयता पुसला. चाळीस वर्षं तिची रीत एकच. मासे कापायची फळी मिठाने घासायची, उकळतं पाणी ओतायचं, उन्हात उभी करायची. वाळल्याशिवाय भवानी नाही, गिऱ्हाईक गेलं तरी बेहत्तर.

रविवारी ती नऊवारी चापूनचोपून नेसली, अबोलीचा गजरा माळला आणि फळी खांद्यावर टाकून थेट मीटिंगात शिरली. सेक्रेटरी अभय गडबडला.

"मावशी, हे इथे कशाला?"

"वास घे. घे ना, चावत नाय ती."

अभयने नाक जेमतेम पुढे केलं. मिठाचा न् लाकडाचा वास, बाकी काही नाही.

"आता जे लिवलंस ते माझ्या तोंडावर बोल. मराठीत. गुणवंती, तू घाणेरडी हायस. बोल!"

"मावशी, तो नोटिशीचा फॉरमॅट असतो..."

"फॉरमॅट तुझा, अब्रू माझी! गेल्या महिन्यात तुझ्या बायकोनं रावस नेला. पडलास आजारी?"

"नाही."

"मग? एका देवीचं नाव घेऊन दुसऱ्या बाईला शिवी घालतोस?"

मागे कोणीतरी खुदकन हसलं. गुणवंतीने फळी टेबलावर आपटली. "ज्याला मी नको, त्यानं आधी हिच्यावरून हात फिरवावा, मग तोच हात वर करावा."

चार-पाच जणांनी हात फिरवून पाहिला. वर एकाचाही गेला नाही. कागद त्याच दुपारी निघाला.

बुधवारी सकाळी अभय पिशवी घेऊन हजर. "मावशी, दोन पापलेटं. जरा लवकर, ऑफिस आहे."

"थांब," गुणवंती म्हणाली. "फळी वाळू दे."