जसंच्या तसं घर

आमचं विद्यापीठ टीव्हीत लई वेळा आलंय. पन सोलापूर म्हनून एकदा बी न्हाय.

पुन्या-मुंबैची लोकं येत्यात गाड्या भरून. हितं मोकळं रान हाय, रुंद रस्ता हाय, बगायला गर्दी न्हाय. एका पिच्चरमदी लायब्ररीच्या पायऱ्या दिल्लीचं कोर्ट झाल्या. एका सिरियलीत हॉस्टेल मुंबैचं हॉस्पिटल झालं, आन् आमच्या वस्तीतल्या बाया पेशंट म्हनून व्हरांड्यात झोपवल्या. शेजारच्या वच्छलाकाकूला खोटं सलाईन लावलं व्हतं. पडद्यावर डोळ्याचं पातं लवंस्तोवर दिसली आसंल, पन वर्सभर सांगत फिरली, "मी मरता मरता वाचले गं बया त्यात!"

हसायचो आमी. मी बी हसायचो.

मी हणमंत, गवंडीकाम करतो. विद्यापीठाच्या मागं वस्ती हाय, तितं दोन खोल्याचं घर हाय माजं, माज्याच हातचं. भिंती उभ्या ऱ्हायल्या, वर पत्रा बी पडला न्हवता, तवा माजी बायको शालन मोहोळास्नं, माहेरावनं, बाबासाहेबांचा फोटू घिऊन आली. मोठा, काचेचा. यष्टीत कंडक्टर म्हनला वर ठिवा, तर ही म्हनली, वर कशाला, मांडी हाय की मला. भितीतला पयला खिळा त्या फोटूचा. चूल मागनं पेटली. आमच्यात असंच करत्यात.

आता ही सिरियल काय व्हती, तर गरीबाची पोरगी खेड्यातनं विद्यापीठात शिकाया येती, आन् तिची आई भांडी घासून तिला शिकिवती. त्येला घर पायजे व्हतं. जागा हुडकायचं काम प्रदीपकडं. ह्यो प्रदीप जुळे सोलापुरातला, शूटिंगवाल्यांना बंगले, वाडे, विहिरी, बैल, जे मागतील ते दावतो. माजी पोरगी दीक्षा तितंच विद्यापीठात शिकती, तिला ह्या लाईनीचं लई याड. प्रदीपनं तिला त्या लोकांच्यात घातली. सामान मांडायचं, आन् खोलीतल्या एकेका वस्तूचा मोबाईलवर फोटू काढायचा, म्हंजे आज तांब्या जितं हाय तितंच उद्या पायजे. ह्ये नीट झालं तर पुढच्या कामाला मुंबैला न्हेतो म्हनला व्हता. पोरगी हवंत. घरात चालायची न्हाय, उडायची.

डायरेक्टर आला. तरनाच व्हता, दाढीवाला. घर बगून म्हनला, "एकदम खरं आहे! कुणी काही हलवायचं नाही. जसंच्या तसं पाहिजे मला."

मी म्हनलं, "साहेब, भितीला भेग पडलीया, तेवढी बुजिवतो की. पावन्यांनी बगायचं."

"नको, नको!" वरडलाच. "ती भेग म्हणजे तर जान आहे, काका."

पत्रा गंजलाय? ऱ्हाऊ द्या. चुलीवरची भित काळी झालीया? लई भारी, ऱ्हाऊ द्या. शालननं लाज वाटून गोधड्या धुतल्या, तर त्येंच्या पोरांनी चहाचं पानी मारून पुन्ना मळिवल्या.

"मुडद्यांनी धुतलेली गोधडी घान केली की वो!" शालन म्हनली.

मी म्हनलं, "गप. खरं दिसाय पायजे त्येंना."

आईचं काम करनारी बाई आली, गोरीपान, अंगाला अत्तराचा वास. दोरीवरचं शालनचं लुगडं बगून म्हनली, "मला हेच हवं." शालनला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, मला बी वाटलं. आपलं घर, आपलं लुगडं, आपली भेग. म्हनलं, ह्यावेळंला तरी कुनीतरी आमाला आमी म्हनून दावतंय.

शूटिंगच्या दिवशी सकाळी मी कामावर गेलो, आन् दुपारी मन न्हाय लागलं म्हनून लवकर आलो. दारात तारा, दिवे, मानसं. त्येंच्यातनं वाट काडत आत गेलो आन् भितीकडं बगितलं.

फोटू न्हवता.

वरसानुवरसं फोटू व्हता त्या जागी रंग तसाच पांढरा ऱ्हायलेला, आन् भवतीनं धुरानं पिवळी पडलेली भित. असा उठून दिसनारा चौकोन, मदी खिळा. त्या खिळ्याला एक कॅलेंडर टांगलेलं, लक्षुमीचं. खाली पाट, पाटावर देव, निरांजन.

"फोटू कुटं हाय?" मी इचारलं.

प्रदीप पुढं आला. "काका, बाहेर येता का जरा?"

"घर माजं हाय. मी का भाईर येऊ? फोटू कुटं हाय?"

"नीट ठेवलाय, काका. शूटिंग झालं की परत लावतो."

"कुनी काडला?"

मागनं आवाज आला, "मी, बाबा."

दीक्षा. हातात मोबाईल, गळ्यात त्येंचं ओळखपत्र. "त्यांचा माणूस स्टूल घेऊन चढत होता. म्हटलं परक्याचा हात नको लागायला. ओढणीत गुंडाळून आईच्या पेटीत ठेवलाय."

"पेटीत!" माजं टक्कुरंच फिरलं. "ज्येच्यामुळं तू विद्यापीठाच्या गेटातनं आत गेलीस, त्येला पेटीत कोंबलीस व्हय गं?"

पोरीचं तोंड एवढंसं झालं. पन मी थांबलो न्हाय. डायरेक्टरकडं वळलो. "का वो साहेब, जसंच्या तसं म्हनला व्हता की तुमी!"

"काका, माझ्या मनात खूप आदर आहे," त्यो म्हनला. "पण वर चॅनलची माणसं असतात. उगाच वाद..."

"आदर हाय तर भितीवर ठिवा की! आन् वाद कुनाचा? माज्या घरात माजा फोटू, कुनाचं काय दुकतंय?"

प्रदीप मदीच म्हनला, "तसं नाही काका. आईची सिरियल आहे, घराघरात बघणार. हिरॉईन सगळ्यांची वाटली पाहिजे."

"आन् आमची वाटली तर ती सगळ्यांची ऱ्हात न्हाय व्हय?"

त्यो दाढीवाला आपल्या बुटाकडं बगत व्हता, माजी जमीन पयल्यांदाच बगितल्यावानी.

दारात महबूब हुबा. माजा जुना दोस्त, त्येंच्या सामानाचा टेंपो त्योच चालवायचा. म्हनला, "हणमंतभाऊ, माझ्या घरी शूटिंग झालं तवा काय केलं म्हाईत हाय का? भिंतीला हिरवा रंग मारला. मला म्हनले टोपी घाला, सुरमा घाला. मी म्हनलं, बाबा, मी टोपी नमाजाला घालतो, टेंपो चालवताना न्हाय. तर म्हनले, मग लोकांना कळनार कसं?" भाईर तोंड करून थुकला. "आमच्या घरात आनून चिकटवत्यात, तुमच्या घरातलं काडून न्हेत्यात."

मी म्हनलं, "उचला सामान. निगा."

आता डायरेक्टरचा आवाज बदलला. दीक्षाला म्हनला, "तुझे वडील आहेत, तू समजाव. सीन अडलाय. जमत नसेल तर उद्यापासून येऊ नकोस, आणि मुंबईचं विसर."

समदी पोरीकडं बगाया लागली. मी बी. तिला त्या मुंबैचं किती याड व्हतं ते मला म्हाईत हाय. आईला रोज सांगायची, तितं खोली कशी आसंल, काम कसं आसंल. येका शब्दावर समदं जानार व्हतं, आन् त्यो शब्द मी तिच्या तोंडात घालू शकत न्हवतो.

दीक्षानं मोबाईल खिशात घातला. गळ्यातलं ओळखपत्र काडून प्रदीपच्या हातात दिलं. स्टूल वढला, चढली, कॅलेंडर काडलं, आन् ते बी प्रदीपच्या हातात दिलं. "हे देव तुमचे. नीट न्या, जमिनीवर ठेवू नका," म्हनली. मग आत जाऊन पेटी उगडली, ओढनी सोडली, ओढनीच्या पदरानंच काच पुसली आन् फोटू खिळ्याला लावला. चौकोनात चौकोन बरोबर बसला. खाली उतरली आन् परसात जाऊन तोंड धुवत बसली. लई वेळ धुवत व्हती.

तवर शालन त्या आईचं काम करनाऱ्या बाईसमोर जाऊन हुबी. "बाई, माजं लुगडं."

"अहो, गाडीत जाऊन बदलते ना."

"जावा. मी दारात हाय."

गेली ती लोकं. पोरगी पुन्ना त्या कामाला गेली न्हाय. अब्यास केला, परीक्षा दिली, मोबाईलच्या दुकानात बसाया लागली. माज्यासंगं बोलायची, जेवलात का, छत्री न्या, येवढंच. शूटिंगचं नाव काडलं की उठून जायाची. माजा राग त्येंच्यावर व्हताच, त्यो आनकी वाढत गेला. फोटू पुन्ना लागला भितीवर, पोरीचं काय लागलं?

मग सिरियल सुरू झाली. संध्याकाळी वच्छलाकाकू आमच्याच घरी येती टीव्ही बगाया. मी म्हनलं, बंद करा ते. काकू म्हनली, "आसू दे की हणमंता, शिव्या घालायला तरी बगू."

आन् बगतो तर काय, माजं घर! त्येंनी मुंबैला तसंच्या तसं उभं केलेलं. गंजका पत्रा, काळी भित, मळकी गोधडी. माजी भेग बी रंगवलेली, जितं वळती तितंच वळवली. ती गोरी बाई आमच्या लुगड्यासारकंच लुगडं नेसून रडत व्हती. आन् मागच्या पिवळ्या भितीवर, बरोबर मदी, एक पांढरा चौकोन. त्येला खिळा. खिळ्याला लक्षुमीचं कॅलेंडर, पन कॅलेंडर ल्हान, चौकोन मोटा. चारी बाजूंनी पांढरा भाईर आलेला.

शालन पदर तोंडावर घिऊन बगतच ऱ्हायली. मी हाक मारली, "दीक्षा! हिकडं ये."

आली. बगितलं. जागीच बसली खाली. "मोबाईलवर मी काढलेले फोटो आहेत हे," म्हनली. "बाबासाहेबांचा फोटो उतरवला आणि कॅलेंडर लागायच्या आधी मी भिंतीचे काढले होते, सगळ्यांना पाठवले होते. त्यावरून सेट बांधला त्यांनी. रंगवणाऱ्याला काय माहीत, तो डाग कसला? त्याला सांगितलं असेल, जसंच्या तसं कर."

"मग आता कळल्यावर पुसतील की," शालन म्हनली.

"नाही पुसता येत, आई. एकदा पडद्यावर दिसलं की शेवटपर्यंत तसंच ठेवावं लागतं. तेच तर माझं काम होतं." आन् पोरगी हसली. कितीतरी म्हैन्यांनी, दात दिसंस्तोवर.

वच्छलाकाकूला समदं उशिरा कळलं. कळलं तशी ती उठली, टीव्हीसमोर गेली आन् त्या पांढऱ्या चौकोनाला हात जोडून म्हनली, "जय भीम."

आता वस्तीत समद्या घरात तेच चालतं. सिरियल लागली, ती भित आली, की पोरंटोरं सुदीक वरडत्यात, जय भीम! हसत्यात.

मी न्हाय हसत. प्रदीपचा परवा फोन आला व्हता, "काका, नवीन शूटिंग आहे, विद्यापीठात. दीक्षा येईल का?" मी फोन पोरीकडं दिला. तिनं त्येला येकच इचारलं.

"भिंतीवर काय काय ठेवणार आहात, ते आधी सांगा."

"वर विचारून सांगतो," म्हनला.